सतराव्या वाक्याचा सापळा

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, यंदा आम्ही तुमचं नाव पक्कं केलंय." मी विचारलं, "कधी केलं?" पलीकडे एक खोकला, मग, "म्हणजे आत्ताच की." काय समजायचं ते मी समजले. आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असणार, त्यानं ऐनवेळी अंग काढून घेतलं असणार आणि पानं भरायला माझी आठवण झाली असणार. तसं बोलून दाखवल्यावर संपादक हसले आणि कबूल झाले. त्यांच्यावर माझा राग नाही. इतक्या लवकर कबूल होणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरीच व्याकरणाचे वर्ग घेते. माझं खरं नाव शाळेच्या कागदांवर आहे, पण पेठेत मला 'कधीबाई' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तरी मला ते माहीत आहे, कारण पाठीमागे काय चाललंय हे हुडकणं हा माझ्या कामाचा निम्मा भाग होता.

हे नाव कसं पडलं ते सांगायला थोडं व्याकरण सांगावं लागेल. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही.

झालेली गोष्ट सांगायचे इंग्रजीत दोन मुख्य रस्ते आहेत. एक साधा भूतकाळ आणि दुसरा पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे क्रियापदाला हॅव लावून सांगायचा. आपण मराठीत असा फरक न शिकताच करतो. "जेवलास का?" "जेवलोय." म्हणजे पोट आत्ता भरलेलं आहे, पान वाढू नका. कधी जेवला याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पण "दुपारी एकला जेवलो" म्हटलं की ती होऊन गेलेली हकिगत झाली. इथवर दोन्ही भाषांचं बरं चालतं, पुढे मात्र फाटा फुटतो. आपण बिनधास्त म्हणतो, "पत्र काल टाकलंय की." मराठीचं काही बिघडत नाही, इंग्रजीचं बिघडतं. इंग्रजी म्हणते, काल म्हणालास ना, मग तो हॅव काढ. त्या दोघांचं एका वाक्यात पटत नाही. म्हणून आमची पोरं पिढ्यान्‌पिढ्या 'आय हॅव पोस्टेड द लेटर येस्टरडे' लिहीत आली आणि आम्ही लाल शाई संपवत आलो.

यावर माझा उपाय एकच होता. वाक्याला उभं करायचं आणि विचारायचं, "कधी?" काल, परवा, गेल्या सोमवारी असं उत्तर आलं तर साधा भूतकाळ. उत्तर आलं नाही, आणि तरी त्या गोष्टीचा परिणाम समोर दिसतोय, तर हॅव. साठ पोरं एका सुरात "कधी?" म्हणून ओरडायची आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दचकायचे. पोरांना पाठ व्हावं म्हणून मी यमकही जुळवलं होतं, 'अ‍ॅगो आला, हॅव गेला.' त्याला दुसरा चरणही होता. तो मी फार लवकर बंद केला.

हा उपाय पुढे माझ्या अंगात मुरला. ज्याला काही लपवायचं असतं तो वेळ सांगत नाही, असं माझं पक्कं मत झालं. "वही जमा केलीय, बाई." कधी? "डॉक्टरांना दाखवलंय." कधी? वेळ विचारली की खोटं बोलणारा चाचरतोच. आमचे हे रेल्वेत होते. ते म्हणायचे, "तू शाळेत उगीच गेलीस, पोलिसात जायची होतीस." नळ बंद केलाय असं त्यांनी सांगितलं तरी मी कधी म्हणून विचारायची आणि स्वतः उठून बघून यायची. बऱ्याचदा नळ चालू सापडायचा, हेही लिहून ठेवते.

श्रीनिवास नावाचा एक पोरगा नववीत होता. त्याचा रजेचा अर्ज आला, 'माय ग्रँडमदर हॅज डाइड.' वाक्य चोख. कुठं बोट ठेवायला जागा नाही. म्हणूनच मला संशय आला, कारण याच पोराच्या निबंधात एकेका ओळीला तीन चुका असायच्या. शिवाय वाक्यात वेळ नव्हती. आजी पावसाळ्यात एकदा वारली होती, दिवाळीनंतर दुसऱ्यांदा वारली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आदीची बापाची आई हुती बाई, ही आईची आई." हिशेब बरोबर होता म्हणून सोडला. संक्रांतीनंतर तिसरा अर्ज आला.

शाळा सुटल्यावर सांत्वनाला म्हणून त्याच्या घरी गेले. दारातच एक म्हातारी मागासाठी कांड्या भरत बसली होती. "श्रीनिवासची आजी कुठं आहेत?" म्हटलं.

"मीच की. या, बसा. पोरगा अब्यास करतुय न्हवं?"

"तुमची तब्येत कशी आहे, आजी?"

"माजं काय हुतंय? धडधाकट हाय की."

त्यांच्याकडचा चहा घेऊन मी परत आले. त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला खूण केली. साठ पोरं ओरडली, "कधी?" श्रीनिवास उभा राहिला, मान खाली घातली आणि म्हणाला, "अजून न्हाई, बाई." वर्ग हसून हसून लोळला. मलाही मग हसू आवरेना, मी पाठ फिरवून फळा पुसत बसले.

अशा कितीतरी गोष्टींत मी बरोबर निघाले. आता वाटतं, त्यानंच माझं वाटोळं केलं. संशय दहा वेळा खरा निघाला की अकराव्या वेळी माणूस पुरावा मागायचं विसरतो.

आता सापळ्याकडे येते. शाळेत असल्यापासून तीस वाक्यांचा एक कागद मी वापरत आलेय. तीस रिकाम्या जागा, प्रत्येक ठिकाणी ठरवायचं, साधा भूतकाळ की हॅव. हा कागद ज्याला पूर्ण जमला त्याला हा धडा आला असं मी धरते. वाक्यं फार गोड दिसतात आणि प्रत्येकात एक खड्डा असतो. या कागदाच्या उत्तरांची एक वही मी टेबलावर उघडी ठेवत असे. दूध उतू चाललंय का बघायला आत जायचं, दोन मिनिटांनी बाहेर यायचं. तेवढ्यात कोण वहीत डोकावलं हे मला बघावं लागायचं नाही. कारण वहीतलं सतरावं उत्तर मी मुद्दाम चुकीचं लिहून ठेवलेलं होतं.

सतरावं वाक्य असं, आता चार वाजलेत, आज सकाळी मी डॉक्टरांना पाहिलं. इंग्रजीत 'धिस मॉर्निंग' आहे. सकाळ अजून चालू असती तर हॅव चाललं असतं. पण वाक्यातच चार वाजलेत, सकाळ केव्हाच संपली, तेव्हा साधा भूतकाळ हवा. वहीत मी हॅव लिहिलं होतं. बाकी एकोणतीस बरोबर आणि सतरावं वहीसारखं चुकलेलं, असा कागद हातात पडला की मी चष्मा काढून त्या पोराकडे नुसती बघायची. एका वकिलांचा मुलगा असा सापडला. वकीलसाहेब तणतणत आले, पुरावा काय म्हणाले. मी वही आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. साहेब पाणी पिऊन गेले. एवढी चांगली चूक सुचायला डोकं लागतं असं त्या वेळी ह्यांनी माझं कौतुक केलं होतं. ती मला सुचलेली नव्हती. पण हे मी त्यांनाही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी शहराबाहेरच्या एका नव्या शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी होती. शाळेचे सचिव जेऊरकडचे, स्वभावानं मोकळे. मला म्हणाले, "बाई, पेपर तुमीच काढा आन्‌ तपासाबी तुमीच. आमाला इंग्रजीतलं काय कळतंय?" मी तीस वाक्यांचा कागद दिला. झेरॉक्ससाठी तो आदल्या दिवशी कचेरीत द्यायचा होता, सोबत बंद पाकिटात उत्तरंही द्यायची असा त्यांचा नियम. मी पाकिटात वहीतली उत्तरं घातली, सतराव्यासकट. खरी उत्तरं माझ्या पर्समध्ये. पाकीट अंबादास नावाच्या कारकुनानं घेतलं आणि सही दिली. पाकीट त्याच्याकडे एक रात्र राहणार, हे मी मनात टिपून ठेवलं.

बाराजणी परीक्षेला आल्या. अकरा कागद जसे असतात तसे होते, कुणाचे वीस बरोबर, कुणाचे चोवीस. सगळ्यात चांगला त्यातला सव्वीसचा. बारावा कागद वैष्णवी नावाच्या मुलीचा. एकोणतीस बरोबर, आणि सतराव्यात हॅव.

खरं सांगते, मला आनंद झाला. मासा गळाला लागल्यावर होतो तसा. मी पाकीट मागवून घेतलं. त्याची डिंकाची कडा मला जराशी सुरकुतलेली वाटली. मग मी मुलीचा अर्ज काढून पत्ता पाहिला. अंबादास राहतो तीच पेठ. दोघांच्या घरी तेलुगू. झालं, माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली. बत्तीस वर्षं मी याच लोकांच्या पोरांना शिकवलं, त्यांच्या घरी चहा प्यायले, आणि एका पेठेत राहतात नि एक भाषा बोलतात एवढ्यावर दोघांना मी एका माळेत ओवलं.

मुलाखतीला सचिव होते आणि मी. वैष्णवी शांत मुलगी, साधा पंजाबी ड्रेस, नजर सरळ. मी तिचा कागद पुढं केला.

"एकोणतीस बरोबर आहेत. हे सतराव्याचं उत्तर कुठून आणलंस?"

तिनं वाक्य पुन्हा वाचलं. "पाठ होतं मॅडम. धिस असलं की हॅव."

"कुणी पाठ करून घेतलं?"

"आईनं."

"आई काय करतात?"

"विड्या वळते."

मी सचिवांकडे पाहिलं. मी हसले का ते आठवत नाही, पण चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार, कारण पोरीचा चेहरा उतरला.

"कधी पाठ करून घेतलं?"

"लहानपणी, मॅडम."

"लहानपणी म्हणजे कधी? कितवीत? कोणत्या पुस्तकातून?"

"म्हणजे... कितवीत ते..." ती अडखळली. आता मला कळतं की आईनं पाळण्याशेजारी बसून काय काय म्हटलं त्याची इयत्ता कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हा मी एवढंच धरलं, की वेळ विचारली आणि ही चाचरली.

ती गेल्यावर सचिवांना मी पाकीट, कागद, पत्ता असं सगळं एकेक करून दाखवलं. ते बिचारे हबकले. "आपल्या कचेरीतनं फुटलं म्हंता? अंबादास असं करंल असं वाटत न्हाई." मी म्हटलं, "वाटत कुणाबद्दलच नसतं." सव्वीसवालीला नेमणुकीचं पत्र गेलं. अंबादासला कचेरीतून काढून शाळेच्या बसगाड्यांवर नेमलं. आणि वैष्णवीच्या अर्जावर सचिवांनी माझ्या सांगण्यावरून दोन ओळी लिहिल्या, की परीक्षेत गैरप्रकाराचा संशय. असा शेरा एका कागदावर राहत नाही. शहरात शाळा किती नि सचिव किती, सगळे एकमेकांना फोन करतात. हे मला पुरतं ठाऊक होतं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, सतराव्यानं आणखी एक पकडला. ते भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "तिचं म्हणणं काय?"

"म्हणे आईनं शिकवलं. आई विड्या वळते."

"मग? विड्या वळणाऱ्याला इंग्रजी येऊ नये असा कायदा आहे का?"

मी त्यांना शेंगाचटणी वाढली आणि विषय बदलला.

आठ दिवसांनी, सकाळचा वर्ग सुटल्यावर, दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, बोटांची टोकं तंबाखूनं काळपटलेली. तिच्यामागं वैष्णवी. गयावया करायला आल्यात, असं मी मनाशी म्हटलं आणि आवाज कडक करूनच "या" म्हणाले.

"वळखलं का, बाई?"

"नाही."

"मी राजेश्वरी. मदल्या रांगंत बसत हुते, खिडकीपाशी. तुमी शाळंत नव्या आला हुता त्या सालची धावी."

मला खरंच आठवेना. पहिल्या वर्षी मी पोरांकडे बघतच नव्हते, फळ्यावर काय लिहायचं ते विसरू नये याच काळजीत असायची.

"माज्या पोरीला तुमी चोर म्हणला."

"मी चोर म्हटलेलं नाही. मी एवढंच म्हटलं की..."

"त्येच झालं की."

तिनं पिशवीतून एक वही काढली. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, कडा तेलकट. तिनं ती न चाचपडता हवी तिथं उघडली, रोज उघडणाऱ्यासारखी. पानावर शाळकरी गोल अक्षरात वाक्यं होती. एका वाक्यावर तिनं बोट ठेवलं. आता चार वाजलेत, आज सकाळी मी डॉक्टरांना पाहिलं. रिकाम्या जागेत हॅव. त्याच्यावर लाल शाईत बरोबरची खूण, शेजारी 'व्हेरी गुड', खाली सही. सही माझी. तेव्हा मी आडनावाच्या शेवटी एक वेलांटी काढत असे, ती वेलांटीसुद्धा होती. आणि पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, 'अ‍ॅगो आला, हॅव गेला. धिस आला, हॅव बसला.'

हाच तो दुसरा चरण. लिहायला जड जातंय, पण लिहिते. शाळेत लागले तेव्हा मला हे नीट येत नव्हतं. कुठल्याशा गाइडात वाचून मी ठरवलं की धिस दिसला की हॅव लावायचा, डोळे झाकून. त्यावर यमक जुळवलं, ही तीस वाक्यं काढली, आणि सतराव्यावर चुकीचं उत्तर बरोबर म्हणून तपासलं. पुढं एका शिक्षक प्रशिक्षणात सगळ्यांसमोर माझी चूक निघाली. कान तापले. परत आल्यावर मी यमकाचा तो चरण गुपचूप गाळला आणि नव्या पोरांना बरोबर शिकवायला लागले. ज्यांना आधी शिकवलं त्यांचं काय, हा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि झटकून टाकला. ती पोरं पास होऊन गेली होती, आता कुठं शोधत बसायचं? मग निवृत्तीनंतर, घरच्या वर्गात पोरं वहीत डोकावतात असं दिसल्यावर, सापळ्याला एक चूक हवी होती. माझी चूक मला पाठच होती.

राजेश्वरी म्हणाली, "धावी झाली आन्‌ बापानं विड्याला बशिवलं. पुस्तकं गेली, ही एक वही ऱ्हायली. वैष्णवी माज्या मांडीपाशी बसायची, मी सुपात पानं घिऊन विडी वळायची आन्‌ तिच्याकडनं ह्येच म्हणून घ्यायची. पाच वरसाची आसंल. पुडं तिनं बीए केलं, बीएड केलं, पर पाया ह्यो हाय." मग तिनं पोरीकडं पाहिलं. "आता ही म्हणती, आई, ह्ये एक वाक्य चुकलंय. खरं का, बाई?"

"खरं आहे. चुकलंय."

"तुमाला कधी कळलं?"

आयुष्यभर मी हा प्रश्न दुसऱ्याला विचारला. मला तो कुणी विचारला नव्हता. तोंडावर आलं होतं, 'पुढे कळलं.' असलं उत्तर मी एकाही पोराकडून घेतलं नसतं.

"दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात," मी म्हटलं.

तिनं बोटावर काहीतरी मोजलं. "म्हंजे मी हितंच हुते की. शाळंच्या मागल्या गल्लीत. तुमी रोज आमच्या दारावरनं जात हुता. मी हात जोडायची, तुमी मान हलवायच्या."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. वैष्णवी खाली बघत होती. तिला माझी दया येत असावी असं मला वाटलं आणि ते सगळ्यात जड गेलं. राजेश्वरीनं आवाज चढवला नाही की रडली नाही. वही टेबलावर ठेवली, नेमकी त्याच जागी जिथं मी सापळ्याची वही ठेवत असे. "ही हितंच ऱ्हाऊ द्या. शाळंत दावा. मग माजी मला परत आणून द्या," एवढं म्हणून पोरीला घेऊन गेली. ते पाकीट कुणी फोडलंच नव्हतं, हे त्या दोघी जिना उतरत असताना माझ्या डोक्यात शिरलं. डिंकाची कडा माझ्याच पर्समध्ये सुरकुतली असेल.

त्याच दिवशी मी शाळा गाठली. सचिवांना सगळं सांगितलं, वही दाखवली. ते म्हणाले, "जाऊ द्या की बाई. चूक हुती माणसाकडनं. त्या शेऱ्यावर रेघ मारतो म्या." मी म्हटलं, रेघेनं भागणार नाही. मी लेखी दिलं, मराठीत, म्हणजे कुणालाही वाचता येईल. पेपर फुटलेला नव्हता, अंबादासचा काही दोष नाही, मुलीनं जे लिहिलं ते मी शिकवलेलं होतं, आणि माझी चूक मला सदतीस वर्षांपैकी पस्तीस वर्षं माहीत होती. ज्या ज्या शाळांत फोन गेला होता तिथं तिथं या पत्राची प्रत द्यायला लावली. दोन ठिकाणी मी स्वतः गेले, कारण सचिवांनी खरंच पाठवली का याची मला खात्री नव्हती. खोड जात नाही.

अंबादास कचेरीत परत आला. मी माफी मागायला गेले तर उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पण माझ्याकडे बघून बोलला नाही. ते त्याचं बरोबरच होतं. वैष्णवीची जागा मात्र गेली ती गेलीच, सव्वीसवालीची नेमणूक मोडणं हा दुसरा अन्याय झाला असता. सचिव म्हणाले, पुढच्या जूनला हिला पहिली घेऊ. वैष्णवीनं निरोप पाठवला, आभारी आहे, पण त्या शाळेत येणार नाही. तिला आता दुसऱ्या शाळेत काम मिळालं आहे, तिच्या स्वतःच्या एकोणतीस वाक्यांवर. एक वर्ष तिचं माझ्यामुळे वाया गेलं, ते मला भरून देता आलेलं नाही.

वही परत द्यायला मी त्यांच्या घरी गेले. राजेश्वरी उंबऱ्याजवळ सूप घेऊन बसली होती. मी वही पुढं केली तर तिनं हात धुतले, पुसले, वही घेतली, ते पान काढलं आणि पुन्हा माझ्याच हातात दिली.

"आता दुरुस्त करा की, बाई."

पर्समध्ये लाल पेन होतं, ते नेहमीच असतं. तिथंच उंबऱ्यावर बसून मी माझ्या जुन्या खुणेवर काट मारली. 'व्हेरी गुड' खोडलं नाही, तिचं अक्षर खरंच चांगलं होतं. हॅव काढून बरोबर क्रियापद लिहिलं, वरच्या यमकाचा दुसरा चरण खोडला आणि खाली सही केली. वेलांटी आता निघत नाही. वही तिला दिली.

तिनं पान डोळ्यांजवळ नेलं, वरून खाली नीट तपासलं, एकेका ओळीवर बोट ठेवत, मी तपासायची तसं. मग वही पुन्हा माझ्याकडे सरकवली.

"तारीख ऱ्हायली, बाई," राजेश्वरी म्हणाली. "कधी केलं त्ये दिसू दे."

मी तारीख घातली.